सुभद्राबाईच्या जीपचं डोकं

मी डोकं बोलतोय. दचकू नका, माणसाचं नव्हे. मी सुभद्राबाईच्या जीपमधल्या डिझेल इंजिनाचं डोकं. गॅरेजात मला ‘हेड’ म्हणतात. सुभद्राबाई मात्र बॉनेट उघडून ‘काय रे डोक्श्या, कसा हायेस?’ असं विचारते. ते मला जास्त आवडतं.

इंजिनाच्या चार सिलिंडरांवर मी झाकणासारखा घट्ट बसतो. एका कुशीने हवा आत घेतो, दुसऱ्या कुशीने धूर बाहेर सोडतो, आणि तापू नये म्हणून माझ्या पोटात सारखं पाणी खेळत असतं. ती हवा चारही सिलिंडरांना सारखी वाटून देणारी नळ्यांची एक फणी माझ्या कुशीला आवळलेली असते. तिला मॅनिफोल्ड म्हणतात. नाव अवघड आहे, पण ध्यानात ठेवा. माझ्या आयुष्यातला सगळा धिंगाणा तिच्यापायी झाला.

वाळूच्या साच्यात तापलं लोखंड ओतलं आणि मी जन्मलो. माझी पहिली नोकरी परतवाड्याच्या एका लाकूड ठेकेदाराकडे. त्याची जीप जंगलातून ये-जा करून दमली, तेव्हा त्याने ती आरागिरणीच्या मागे उभी करून टाकली. तिथे भुसा उडायचा आणि कोंबड्या फिरायच्या. एका तुरेवालीने माझ्या बाजूच्या फिल्टरच्या डब्यात अंडी घातली, उबवली, पिल्लं काढली. लोक म्हणतात डिझेलच्या इंजिनाला भावना नसतात. त्यांनी तेव्हा माझं तोंड बघायला हवं होतं.

पण माझी खरी गोष्ट सुभद्राबाईपासून सुरू होते.

सुभद्राबाई मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातली. उंच, काटक, आवाज असा की शेताच्या पार टोकाला चरणारी म्हैस मान वर करायची. तिचा नवरा खुशालराव. नावाचा खुशाल, जिवाला मात्र कायम घोर. उभ्या बैलगाडीतही तो दोन्ही हातांनी कठडा धरून बसायचा. पेटी मात्र अशी वाजवायचा की ऐकणाऱ्याने जेवण विसरावं.

ती वर्षं वऱ्हाडाला बरी नव्हती. कापूस वेचून घरात यायचा, पण त्याच्यासोबत हसू यायचं नाही. आज या गावातून, उद्या त्या गावातून कुणीतरी स्वतःला संपवल्याची बातमी यायची, आणि ते गाव गप्प होऊन जायचं. सुभद्राबाईच्या गावातलं पुरुषांचं भजनी मंडळही असंच बंद पडलं. भांडण नाही, तंटा नाही. गुरुवारी माणसं यायची थांबली, एवढंच.

एका गुरुवारी सुभद्राबाई देवळात गेली, खुंटीवरच्या खंजेऱ्या काढल्या, पदराने पुसल्या आणि शेजारणींच्या हातात दिल्या.

“गाव मुकं झालं म्हून आपून बी मुकंच राहावं काय?” ती म्हणाली.

“आपल्याले कोठं येते वं वाजवाले?” एकीने विचारलं.

“पोळ्या बडवता येतात ना? मंग हे बी बडवाचंच काम आहे!” हे बोलणारी गंगूबाई. मंडळातली सगळ्यांत म्हातारी. तोंडात दात नव्हते, पण ओळीला ओळ अशी जुळवायची की बाकीच्या बायका गाताना हसून लोळायच्या.

बघता बघता मंडळ नावारूपाला आलं. आजूबाजूच्या गावांची बोलावणी येऊ लागली. पण इतक्या बायकांना नेणार कोण? तेव्हा सुभद्राबाई खुशालरावासोबत परतवाड्याला आपल्या मावसबहिणीकडे गेली असताना तिची नजर आरागिरणीमागच्या जीपवर पडली. ठेकेदाराला ती जागा मोकळी करायची होती, सुभद्राबाईला गाडी हवी होती. सौदा चहा संपायच्या आत झाला. भावाच्या ट्रॅक्टरवर ती गाडी चालवायला शिकलीच होती. ती स्वतः स्टेअरिंगवर बसली, शेजारी खुशालराव डोळे मिटून बसला आणि आम्ही गावी निघालो. मागे कोंबड्या ओरडत होत्या, त्या निरोपाने की आनंदाने, देव जाणे.

दिवस मजेचे होते. सकाळी बाजाराला भाजी, गुरुवारी भजन. एकच दुखणं होतं. माझी जुनी फणी तडकली होती आणि आतून काजळीने तुंबली होती. मला श्वासच पुरायचा नाही. हवा कमी, डिझेल जास्त, मग काळा धूर सोडत मी खोकत चालायचो. एकदा रुळांच्या शेजारच्या रस्त्याने आमची आणि शकुंतलेची शर्यत लागली. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूरची ती छोट्या रुळांवरची गाडी, जी चालू असतानाच माणसं उतरून लघवी करून परत चढतात. आम्ही हरलो! गाडीतल्या प्रवाशांनी आम्हाला हात हलवून निरोप दिला.

त्या हिवाळ्यात सेमाडोहला खंजेरी भजनाचा मेळा होता. मेळघाटच्या जंगलातलं गाव, वर डोंगरात. सुभद्राबाईचं मंडळ पहिल्यांदाच एवढ्या लांब निघालं. परतवाडा सुटला, घाट लागला आणि पहिल्याच मोठ्या चढावर मी बसलो. बायका उतरल्या. ढकललं. बसल्या. पुन्हा उतरल्या. खुशालराव चाकामागे लावायचा दगड छातीशी धरून पळत होता.

गंगूबाई मागून ढकलता ढकलता गात होती:

“चढ माय चढ, नको घेऊ दम,
वर बसला वाघोबा, खाली उभा यम!”

बायका हसायच्या, हसल्या की हातातला जोर जायचा, आणि जीप पुन्हा मागे यायची.

आम्ही सेमाडोहला पोचलो तेव्हा माणसं मंडपाच्या दोऱ्या सोडत होती. मेळ्याचे कारभारी महादेवराव सतरंजीची घडी घालत होते. त्यांनी चिखलाने भरलेल्या बायकांकडे पाहिलं, वाफा सोडणाऱ्या माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बाई, लय लवकर आल्या तुमी. पुढच्या वर्षीच्या मेळ्याले.”

सगळे हसले. बायकाही हसल्या. पण घाट उतरताना जीपमध्ये कुणी गायलं नाही. सुभद्राबाईने बॉनेटवर हात ठेवला. “पुढच्या वर्षी,” ती मला एवढंच म्हणाली.

जुन्या मॉडेलची फणी कुठे मिळेना. तेव्हा सुभद्राबाईचा भाऊ बंडू कामी आला. तो ट्रकवर पंजाबपर्यंत जायचा. तिकडून त्याने एक नवा मॅनिफोल्ड आणला. अ‍ॅल्युमिनियमचा, चांदीसारखा चकचकीत, गळे रुंद, वळणं मऊ. कुठल्या तरी बाहेरच्या कारखान्याने बनवलेला, मूळ कंपनीचा नव्हे.

“हे लावलं ना बाई, तं जीप उडते!” बंडू म्हणाला.

“उडू नको म्हना,” खुशालराव घाईने म्हणाला.

उडायचं राहिलं, बसेचना! नव्या फणीची दारं रुंद, माझी अरुंद. तिच्या बोल्टांची भोकं एकीकडे, माझी दुसरीकडे. अमरावतीच्या एका गॅरेजवाल्याने दोघांना शेजारी ठेवून पाहिलं आणि मान हलवली. “हे हेड भंगारात टाका, बाई.” भंगार! मी लोखंडाचा नसतो तर रडलो असतो.

सुभद्राबाईने मला गोणपाटात गुंडाळलं, खुशालरावाच्या मांडीवर दिलं आणि दोघं एसटीने अकोल्याला आली. तिथे एका बोळीत अब्दुल रहीम यांचं मशीनचं दुकान. मेंदी लावलेली दाढी, पुढे आलेलं पोट, आणि हातापेक्षा तोंड जोरात चालणारं. दाराशी त्यांची बायको अकीलाभाभी गाड्यांच्या सीटांची रेक्झिनची कव्हरं शिवत बसलेली.

रहीमभाईंनी मला टेबलावर ठेवलं, शेजारी नवी फणी ठेवली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाले, “वा! काय जोडा आहे!”

“पन जमत नाई म्हनते, भाऊ,” सुभद्राबाई म्हणाली.

“पत्रिका जमत नाई म्हून लगन मोडाचं काय, ताई? नवरदेवालेच थोडंसं कापू ना!”

नवरदेव म्हणजे मी. खुशालरावाने माझ्याकडे अतिशय सहानुभूतीने पाहिलं.

दोघांना रहीमभाईंनी घरातच ठेवून घेतलं. “तुमची चीज आहे, तुमच्या डोळ्यासमोर करतो,” म्हणाले. आधी मला घासूनपुसून आंघोळ घातली. इतक्या वर्षांची काजळी निघाली तेव्हा मला कळलं, मी मुळात राखाडी रंगाचा आहे. मग माझ्या कुशीवर निळा रंग लावून, त्यावर फणीचं पॅकिंग ठेवून, टोकदार सळईने तिच्या दारांचे आकार कोरले. कुठे किती कापायचं ते आता दिसत होतं. मग मला मिलिंग मशीनवर आडवं आवळलं आणि वरून फिरतं कटर खाली आलं.

काय सांगू! मला वाटलं होतं मरणाचं दुखेल. पण झाल्या त्या गुदगुल्या! कटर सर्रकन कुशीवरून जायचं, लोखंडाचा बारीक भुगा उडायचा आणि मी नुसता थरथरायचो. वाकडीतिकडी झालेली माझी कूस आरशासारखी सपाट झाली. मग हातातल्या ग्राइंडरने माझ्या चार नाकपुड्या आतून कोरून रुंद केल्या. रहीमभाई मध्येच थांबून आत बोट फिरवायचे आणि ओरडायचे, “हवा अशी अंदर गेली पायजे, जशी ईदच्या दिवशी पोरं नानीच्या घरात जातात. न विचारता!”

“तुमी बोलनं कमी करा, हात पाहा,” अकीलाभाभी दारातून म्हणायच्या.

त्या बरोबर होत्या. नव्या बोल्टसाठी भोकं पाडायची होती. पहिली नीट पडली. शेवटचं पाडताना रहीमभाई आपल्या जवानीतल्या एका ट्रकची गोष्ट रंगवून सांगत होते, आणि ड्रिल एकदम सैल पडलं. आतून दोन थेंब पाणी बाहेर आलं. माझ्या पोटातल्या पाण्याच्या कप्प्यापर्यंत भोक गेलं होतं.

रहीमभाईंनी मशीन बंद केलं. पहिल्यांदाच दुकानात शांतता झाली. त्यांनी ड्रिल बाजूला ठेवलं आणि सुभद्राबाईकडे सरळ बघत म्हणाले, “ताई, माह्या हातून चुकलं. भोक पाण्यात गेलं.”

“म्हंजे आता?”

“इथून पानी बाहेर झिरपलं, तं हे हेड कामाचं नाई.”

सुभद्राबाई खाली पडलेलं गोणपाट गोळा करायला लागली. खुशालराव मात्र, आयुष्यभर घाबरलेला तो माणूस, उठला, रहीमभाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “भाऊ, तुमी घाबरू नका. घाबराचं काम माह्यं आहे. तुमी फक्त सांगा, काई उपाय आहे काय?”

आधी अकीलाभाभी हसल्या, मग सुभद्राबाई, आणि शेवटी रहीमभाई इतके हसले की डोळे पुसावे लागले. “आहे ना! पान्यात उतरनारा बोल्ट दुनियेत पयला नाई,” ते म्हणाले. त्यांनी भोकात नीट आटे पाडले, बोल्टच्या आट्यांना पाणी अडवणारा पांढरा मसाला लावला आणि श्वास धरून तो आवळला. या वेळी एक शब्द बोलले नाहीत.

मसाला वाळला, आणि परीक्षा आली. माझ्या पाण्याच्या सगळ्या वाटा पट्ट्या आणि रबर लावून बंद केल्या. शेजारी टायरचं दुकान होतं. त्यांच्या पंक्चर बघायच्या हौदात मला बुडवलं आणि त्यांच्याच पंपाने माझ्या पोटात हवा भरली. बुडबुडा आला, तर सगळं संपलं.

चार डोकी हौदावर वाकली. मी पाचवं, पाण्याखाली.

एक बुडबुडा आला. मग दोन.

“या अल्ला,” रहीमभाई.

“हे कोपऱ्यात अडकलेली हवा असन,” अकीलाभाभी म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज बारीक झाला होता.

बुडबुडे थांबले. पाणी शांत झालं. कुणी पापणी हलवेना. आणि अचानक डुबुक! बुडबुड्यांचा लोटच्या लोट वर आला. सुभद्राबाई किंचाळली, रहीमभाईंनी कपाळ धरलं.

“माहा चष्मा,” खुशालराव म्हणाला.

वाकून वाकून त्याचा चष्मा हौदात पडला होता! चष्मा काढला, पाणी पुन्हा शांत झालं, आणि ते शांतच राहिलं. मग त्या बोळीत जो कल्ला झाला! रहीमभाईंनी ओलाच मला उचलून खुशालरावाला मिठी मारली. मी दोघांच्या पोटांमध्ये. टायरवाल्याने सगळ्यांना चहा सांगितला.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा निघालो. रहीमभाई म्हणाले, “हेड घाटात काय बोलते ते मले ऐकाचं आहे.” अकीलाभाभी म्हणाल्या, “आणि मी? मी जंगल कधी पाह्यलं नाई.” म्हणून त्या दोघांनाही मूर्तिजापूरहून घेतलं. जागा नव्हती. बायकांनी मांड्या आवळल्या आणि जागा झाली.

घाट लागला. सुभद्राबाईने गिअर टाकला, पायाने जोर दिला आणि मी श्वास घेतला.

अहो, काय श्वास होता तो! जंगलाची गार हवा नव्या फणीतून चारी नाकपुड्यांनी अशी आत आली की माझं मलाच हसू फुटलं. धूर नाही, खोकला नाही. मागच्या वर्षी जिथे बसलो होतो, ते वळण कधी गेलं ते कळलंच नाही. रहीमभाई खिडकीबाहेर अर्धे लोंबकळत ओरडत होते, “ऐका! ऐका! घोडा सास घेऊन राहिला!” पुढे लाल एसटी चढत होती. रस्ता रुंद झाला आणि कंडक्टरने खिडकीतून हात काढून वाट दिली. आम्ही एसटीच्या पुढे! बसमधली माणसं टाळ्या वाजवत होती. अकीलाभाभींना हसण्यापुढे ओढणीचंही भान नव्हतं. आणि खुशालराव? त्याने एक डोळा उघडला, मग दुसरा. मग मांडीवरची पेटी उघडून चालत्या जीपमध्ये सूर धरला, आणि सगळ्या खंजेऱ्या एकदम वाजल्या.

सेमाडोहला पोचलो तर मंडपच उभा नव्हता. महादेवराव बनियनवर दात घासत होते. त्यांनी तोंडातली काडी काढली. “बाई, तुमाले मधल्या वेळात येताच येत नाई काय?”

मग बायकांनीच पदर खोचले, रहीमभाईंनी बांबू ठोकले आणि मंडप उभा राहिला. त्या दिवशी त्या अशा गायल्या की महादेवराव ताल धरता धरता खुर्चीसकट मागे पडले. पहिला नंबर धारणीकडच्या मंडळाला गेला. तो त्यांचाच होता, खोटं कशाला बोलू? आम्हाला दुसऱ्या नंबराची पितळी घागर मिळाली. घाट उतरेपर्यंत गंगूबाईने ती बडवून बडवून चेपवली.

त्या वर्षी बोलावणी इतकी आली की मला गार व्हायला वेळ मिळेना. पण एक गाव मला विसरता येत नाही. दर्यापूरच्या अलीकडचं लहानसं गाव. अंगणात भजन चाललं होतं आणि मी फाटकाशी उभा होतो. समोरच्या घराच्या अर्ध्या दारामागे एक बाई उभी होती. तिचं नाव जाईबाई. आदल्या वर्षी तिच्या नवऱ्याने जीव दिला होता. तेव्हापासून ती उंबरा ओलांडत नव्हती, असं तिची सासू सांगत होती.

भजन थांबलं तशी सुभद्राबाई तिच्या दाराशी गेली. सांत्वन नाही, उपदेश नाही. म्हणाली, “माय, पानी दे वं. घसा सुकला.” जाईबाईने तांब्या आणला. सुभद्राबाईने तांब्या घेतला आणि आपली खंजेरी तिच्या हातात दिली. “धर एवढी, पिऊन होयेपर्यंत.”

जाईबाईचा हात कापत होता, म्हणून खंजेरी आपोआप छुम्‌छुम् वाजली. ती दचकली. पुन्हा वाजली. तिने हात स्थिर करायला पाहिलं तर अजूनच वाजली! सुभद्राबाई पाणी पिता पिता हसली आणि तिला ठसका लागला. जाईबाईने तोंडाला पदर लावला. पदराआड ती हसत होती. सासू आतून धावत आली, दारात थांबली आणि सुनेकडे बघत उभीच राहिली.

“माय वं,” सासू म्हणाली, “वाजव ना अजून.”

पुढच्या गुरुवारी जाईबाई एसटीने आमच्या गावी आली. सासूने स्वतः बसमध्ये बसवून दिलं होतं.

याला आता बरीच वर्षं झाली. गंगूबाई गेली, तिच्या ओळी मात्र बायकांच्या तोंडी आहेत. सुभद्राबाईचे गुडघे क्लच दाबू देत नाहीत, म्हणून ती मागे बसून गाते. गाडी जाईबाई चालवते. चालवते म्हणजे उडवते! खुशालराव पुन्हा डोळे मिटून बसायला लागलाय. माझी कूस अजून सपाट आहे आणि पाण्याचा एक थेंब झिरपलेला नाही. वर्षातून एकदा रहीमभाई येऊन कान लावून ऐकतात, आणि मान डोलावून जेवायला बसतात.

तुमच्याकडे मागणं एकच. वऱ्हाडातल्या एखाद्या रस्त्याने जाताना मागून खंजेऱ्यांचा आवाज आला, तर कृपा करून बाजूला व्हा. जीपचं सगळं काम झालंय बघा. फक्त ब्रेकचं राहिलंय.